बेन बसत नसत

खुर्ची दिसली की बेन ती मिटून ठेवत. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घडीच्या लोखंडी खुर्च्या आहेत. शनिवारच्या वर्गासाठी मी त्या ओळीने मांडून ठेवी आणि फळ्याशेजारी एक वेगळी, त्यांच्यासाठी. बेन जिना चढून येत, दारात थांबून दम खात, आणि मग पहिलं काम म्हणजे ती खुर्ची खटकन मिटून भिंतीला टेकवत.

"बेन, बेसो ने," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणेच.

"बसलं की मला ऐकू येत नाही," त्या म्हणत आणि दाराशी जाऊन उभ्या राहत. वर्गभर त्यांची जागा ती. तिथून फळा लांब पडे, पण त्यांना फळ्याची फारशी गरज नव्हती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात शेवटपर्यंत जेवायला न बसणारी, दवाखान्याच्या बाकावर न टेकणारी. आपल्याला वाटतं, यांना घाई आहे. बेनना घाई नव्हती. त्यांना चैन नव्हतं.

त्यांचं घर मराठी, जन्म बडोद्याचा, पण नोकरी सगळी गांधीनगरला, विधानसभेच्या कचेरीत, समित्यांची कागदपत्रं सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर त्या परत बडोद्यात, वासण्याला धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. मी शाळेत इतिहास शिकवत असे, आता नागरवाड्यातलं हे लहानसं मराठी वाचनालय पाहतो. एक दिवस त्या आल्या, पुस्तकांकडे न बघता थेट माझ्या टेबलाशी.

"वरची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते ना?"

"असते."

"शेतकरी आणले तर चालतील?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"करा विचार. तोवर मी वरच्या खुर्च्या मोजून येते," असं म्हणून त्या जिना चढल्यासुद्धा.

शेतकरी म्हणजे शेतकऱ्यांचे पुढारी. करजण तालुक्यातल्या, कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या मंडळ्यांचे अध्यक्ष, दूध मंडळीचे सचिव, एकदोन माजी सरपंच. भाषण करायला कोणाला शिकवावं लागत नव्हतं. रस्ता अडवायलाही नाही. पण कायदा कुठे शिजतो, कोणाच्या टेबलावर किती काळ पडतो, त्यात आपलं म्हणणं कुठल्या दाराने शिरवायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असं बेननी ठरवलं होतं. आम्ही सगळे त्यांना बेनच, म्हणजे ताई, म्हणू लागलो, मीसुद्धा. त्या मात्र मला मास्तर म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असे.

कायदा कसा होतो हे त्यांनी कधी लिहून दिलं नाही. त्यांनी तो चालवून दाखवला. खालच्या कपाटातला एक जाड ग्रंथ मागवला आणि म्हणाल्या, हे विधेयक. दार म्हणजे सरकारी खातं. पुस्तकांचं कपाट म्हणजे मंत्रिमंडळ, खिडकी म्हणजे सभागृह, खिडकीखालचा स्टूल म्हणजे समिती, आणि जिन्याची वरची पायरी म्हणजे राज्यपाल. एकाने ग्रंथ घेऊन निघायचं, बाकीच्यांनी आपापल्या ठाण्यावर तो अडवायचा, प्रश्न विचारायचे, परत पाठवायचा. पहिल्याच दिवशी मंत्रिमंडळ झालेले रमणभाई ग्रंथ बगलेत मारून चहा प्यायला खाली निघून गेले. अर्धा तास विधेयक गायब. परत आल्यावर सगळे त्यांच्यावर तुटून पडले, तर ते शांतपणे म्हणाले, "बेन, असंच तर होतं ना?"

बेन इतक्या हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. "दहा वर्षांत मला जे समजलं ते याला पहिल्या दिवशी समजलं!"

खाली वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना हे सगळं छतातून ऐकू येई. "वर काय, नाटकाची तालीम आहे का हो?" एकाने त्रासून विचारलं. मी म्हटलं, नाही, कायदा चालला आहे. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "हळू चालवायला सांगा."

वर्ग गुजरातीत चाले. इथे मी बहुतेक मराठीतच लिहितो आहे. पण बेनचं एक वाक्य मात्र मराठीतच येई. कोणीतरी उभं राहून गाऱ्हाणं सुरू करी: पाणी येत नाही, खताची गोणी मिळत नाही, अधिकारी फोन उचलत नाही, मागच्या साहेबांनी असं सांगितलं होतं, या साहेबांनी तसं. बेन दाराशी येरझारा घालत ऐकत. या चौकटीपासून त्या कोपऱ्यापर्यंत, पुन्हा मागे. मग एकदम थांबत.

"ते सगळं बरोबर. पण हवंय काय?"

समोरचा माणूस गडबडून जाई. हवंय काय? पाणी हवंय. किती, कधी, कोणाकडून, कुठल्या कलमात? तो खाली बसे. पुढच्या शनिवारी पुन्हा उभा राही. करजणच्या त्या मंडळींना एवढं एकच मराठी वाक्य येत होतं, आणि रमणभाई तर त्याची नक्कल करत, बेनसारखी मान तिरकी करून, चष्मा नाकावर घसरवून. बसमध्ये कोणी जागेवरून भांडायला लागलं की हे मागून म्हणणार, "ते सगळं बरोबर. पण हवंय काय?" अख्खी बस हसे.

हे वाक्य कुठून आलं ते बेननी मला एकदा सांगितलं. गांधीनगरला एक शिष्टमंडळ आलं होतं. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, काहींच्या डोळ्यांत पाणी. मंत्र्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, फोटो काढून घेतला, जरूर करू म्हणाले. ते गेल्यावर मंत्र्यांनी सचिवांना विचारलं, या लोकांना हवं काय होतं? सचिवांना सांगता येईना. खोलीत कोणालाच सांगता येईना.

"मंत्री वाईट नव्हता हो, मास्तर," बेन म्हणाल्या. "खरंच विचारत होता. आणि मी बाहेर धावले, तोवर त्यांची जीप गेली होती."

मला वाटतं, तेव्हापासून त्या बसल्या नाहीत.

आता त्या एका विधेयकाबद्दल. मसुदा असा होता की परवानगीशिवाय कालव्याला पंप लावून पाणी उपसणं हा गुन्हा. पंप जप्त, वर शिक्षा. वर्गात यावरून दोन तट पडले. रमणभाईंची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथे पाणी भरपूर, आणि ते आणखी मिळावं म्हणून त्यांचा पंप चालू. त्यांना हे विधेयकच नको होतं. शारदाबेनचं गाव कालव्याच्या अगदी टोकाला, ज्याला तिकडे छेवाडा म्हणतात. वरच्यांनी उपसून उपसून छेवाड्याला येईपर्यंत पाण्याचा ओहोळ होतो. शारदाबेन तिथल्या पाणी मंडळीच्या पहिल्या बाई अध्यक्ष, सावळ्या, उंच, बोलताना बोट नाचवणाऱ्या. त्यांना वरच्यांचे पंप आजच्या आज जप्त व्हायला हवे होते.

"आधी रमणभाईंचा," त्या म्हणाल्या. "मी स्वतः उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकते."

"भलं. डिझेलही तूच भर," रमणभाई म्हणाले.

बेननी काय करावं? त्यांनी दोघांच्या जागा बदलल्या. बेनचा नियमच होता की प्रत्येकाने आधी दुसऱ्याच्या बाजूने बोलायचं. रमणभाईंना त्यांनी पाटबंधारे खात्याचा इंजिनियर केलं. म्हणजे ज्यांचा पंप जाणार, त्यांनीच पंप का जप्त करायचे ते पटवून द्यायचं. शारदाबेनना सांगितलं, पंपवाल्यांची वकिली कर.

पहिल्या शनिवारी शारदाबेन तोंड फिरवून बसल्या. दुसऱ्या शनिवारी बोलता बोलता मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "बेन, एक गोष्ट आहे. पंप आमच्याकडेही आहेत."

छेवाड्याला पाणी इतकं खाली असतं की शेताकडे वळवायच्या पाइपच्या तोंडापर्यंत ते चढतच नाही. कालव्यात पाणी दिसतं, शेतात जात नाही. मग लहान पंप लावून ते तेवढं वर उचलावं लागतं. म्हणजे या कायद्याने वरच्यांचे पंप जायचे तेव्हा जातील, पण पकडायला सोपे म्हणून शारदाबेनच्या गावचेच आधी जातील.

बेन येरझारा घालायच्या थांबल्या.

त्यानंतर कित्येक शनिवार ती एकच तालीम. रमणभाई इंजिनियर म्हणून उभे राहत आणि खात्याची बाजू मांडत, इतकी सफाईने की आम्हाला राग यावा. शारदाबेन ती खोडून काढत. दोघांचं संपलं की क्षणभर शांतता. मग दाराशी पावलं थांबत आणि प्रश्न येई, "ते सगळं बरोबर. पण हवंय काय?" आणि शारदाबेननी एका दमात मागणं सांगायचं. आधी ते मागणं पानभर होतं. मग अर्धं पान. शेवटी एक वाक्य राहिलं: जिथे पाणी पाइपच्या तोंडापर्यंत चढत नाही, तिथे मंडळीच्या लेखी संमतीने लावलेला पंप गुन्हा धरू नये.

या वाक्यात रमणभाईंचा पंप वाचत नव्हता, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. रमणभाईंनी ते मान्य केलं, पण मान्य करताना ते खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बेन मला म्हणाल्या, "शारदाची मला काळजी नाही. हा ऐन वेळी आपला पंप मागेल."

"मागू दे की. त्याचा हक्क आहे," मी म्हटलं.

"हक्क आहे हो. पण दोन मागण्या गेल्या की समिती दोन्ही सोडून देते. मी पाहिलंय." आणि त्या जिन्यावर वर-खाली करू लागल्या.

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला आमदारांची समिती बडोद्याला येणार असं ठरलं. करजणच्या मंडळींना वेळ मिळाली. बेन त्यांच्याबरोबर आत जाणार नव्हत्या. "मी असले तर ते माझ्याकडे बघतील. त्यांनी समितीकडे बघायचंय." पण बाहेर व्हरांड्यात उभ्या राहणार होत्या, हे मला ठाऊक होतं. सुनावणीच्या आठवड्यातच त्यांच्या छातीत पाणी साठलं. बहिणीने त्यांना दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून उतरायला मनाई केली. बेनना खाटेवर पाहणं मला जमेना. त्या पाय पांघरुणाबाहेर काढून घोटे हलवत होत्या.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मागे बसा. बोलू नका. फक्त बघून या."

सर्किट हाउसच्या त्या खोलीत लांब टेबल होतं, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला आम्ही. समितीचे अध्यक्ष थकलेले वाटले. सकाळपासून ऐकत होते. त्यांनी आधी खात्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, या पंपांबद्दल विभागाचं म्हणणं काय? तो तरुण अधिकारी नुकताच बदलून आला असावा. तो कागद चाळू लागला. चाळतच राहिला.

आणि रमणभाई उभे राहिले.

"साहेब, विभागाचं म्हणणं असं आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि मग थांबेनातच. पंपांमुळे कालव्याचा काठ कसा खचतो, पाण्याचं वाटप कसं कोलमडतं, चोरीला सवलत दिली तर प्रामाणिक शेतकरी कसा मरतो. वर्गात बोलायचे ते सगळं, शब्दाला शब्द. सवय! इंजिनियरची बाजू मांडायची वेळ आली की उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आपण कुठे आहोत याचं भान सुटलं. तो अधिकारी कृतज्ञतेने मान हलवत होता. आमच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या पुढचे दूध मंडळीचे सचिव पुटपुटले, "फिरला हा. विकला गेला."

शारदाबेननी रमणभाईंकडे रागाने पाहिलं. पण त्याही सवयीच्याच. रमणभाई बसताच त्या उठल्या, बोट नाचवत म्हणाल्या, "इंजिनियरसाहेब, तुमचं पाणी कागदावर वाहतं. माझ्या गावी येऊन बघा, पाइपचं तोंड वर आणि पाणी खाली. ते काय हाका मारून वर बोलवू?" आणि एकेक मुद्दा खोडून काढला. अध्यक्ष पहिल्यांदा सरसावून बसले. दोघांकडे आळीपाळीने बघू लागले, कोण कोणाचा हे त्यांना उमगेना.

मग शारदाबेनचं बोलणं संपलं आणि शांतता झाली.

ती शांतता मी ओळखली. शारदाबेन उभ्याच होत्या आणि त्यांची नजर दाराकडे गेली होती. रांगेतले सगळेच दाराकडे बघत होते. इतके शनिवार मागणं त्या प्रश्नानंतरच आलं होतं. प्रश्न आला नाही तर ते कसं यावं? दाराशी फक्त एक शिपाई उभा होता, त्याने बिचाऱ्याने घाबरून आपला सदरा सारखा केला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या शिष्टमंडळाची यादी हातात घेतली. ते एक वाक्य न बोलताच आम्ही उठणार होतो.

रमणभाई पुन्हा उभे राहिले. मला वाटलं, आता हा आपला पंप मागतो. मागितला असता तर ऐकलंही गेलं असतं, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे होतं. ते क्षणभर टेबलाकडे बघत राहिले. मग शारदाबेनकडे वळले, मान तिरकी केली, आणि बडोद्याच्या सर्किट हाउसमध्ये, गुजराती आमदारांसमोर, स्वच्छ मराठीत म्हणाले,

"ते सगळं बरोबर. पण हवंय काय?"

शारदाबेननी ते वाक्य एका दमात सांगितलं.

अध्यक्षांनी ते पुन्हा सांगायला लावलं. कारकुनाने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर शारदाबेननी पिशवीतून खाऱ्या दाण्यांची पुडी काढून ती रमणभाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या छातीत धडकी भरली होती, मेल्या."

"माझ्या नव्हती भरली?" रमणभाई म्हणाले. "अधिकारी तर मला चहाला थांब म्हणतो आहे."

मी तसाच दवाखान्यात गेलो. बेननी मी दारात दिसताच विचारलं, "रमणभाई?"

मी सगळं सांगितलं. इंजिनियरचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. शांततेचं सांगितलं तेव्हा त्यांचे पाय हलायचे थांबले. आणि रमणभाई मराठीत काय म्हणाले ते ऐकल्यावर त्या उशीला टेकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाला टेकलेलं पाहिलं नव्हतं. डोळे मिटून पडून राहिल्या. मी मनात म्हटलं, आता झोपू देत.

"लिहून घेतलं?" डोळे मिटलेलेच.

"हो."

"कोणी? कारकुनाने की सचिवाने?"

"कारकुनाने."

डोळे उघडले. "मग उद्या लेखी द्या. त्याच वाक्यात. एक शब्द वाढवू नका. आणि पोच घ्या." पाय पुन्हा हलायला लागले.

लेखी दिलं. पोच घेतली. ती दाखवायला गेलो तेव्हा त्यांना आत हलवलं होतं आणि भेटू देत नव्हते. बहिणीच्या हाती चिठ्ठी पाठवली. वाचली असेल असं मी धरून चालतो. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

विधेयकाचं अजून काही झालेलं नाही. ते कुठल्या कपाटात आहे, कोण बगलेत मारून चहाला गेलं आहे, कळत नाही. शारदाबेन फोन करतात. "मास्तरसाहेब, छपायुं?" मी सांगतो, नाही छापलं अजून. त्या म्हणतात, बरं, आणि फोन ठेवत नाहीत. दोन्हीकडे आम्ही नुसते धरून उभे असतो. मलाही हल्ली एका जागी बसून वाचवत नाही. पुस्तक हातात घेऊन खालच्या दालनात फिरतो, निवृत्त मंडळी वर्तमानपत्रावरून बघतात.

शोकसभा आमच्या वरच्या खोलीतच ठेवली. मी खुर्च्या मांडल्या. फळ्याशेजारी त्यांचा फोटो ठेवायचा होता, टेबल काही मिळेना, म्हणून नेहमीची ती एक खुर्ची उघडली, त्यावर पांढरं कापड घातलं, फोटो ठेवला, हार घातला. वासण्याहून शेजारी आले, गांधीनगरचे जुने सहकारी आले. माझ्या हातात लिहून आणलेली पानं होती. पहिल्या वक्त्याने सुरुवात केली तेवढ्यात जिन्यावर बरीच पावलं वाजली आणि करजणची मंडळी आली.

रमणभाई सर्वांत पुढे होते. ते दारातच थांबले.

"बेनने खुरशी पर कोणे बेसाड्यां?" त्यांनी विचारलं.

बेनना खुर्चीवर बसवलं होतं मी. रमणभाई ओळींमधून पुढे गेले, वक्ता बोलतच होता, त्याला हाताने जरा थांबवून त्यांनी फोटो उचलला. शारदाबेननी कापडाची घडी घातली आणि खुर्ची खटकन मिटून भिंतीला टेकवली. मग रमणभाईंनी फोटो दाराशी नेला. चौकटीजवळ दिनदर्शिकेचा एक खिळा आहे. दिनदर्शिका काढून त्यांनी फोटो तिथे लावला, बेनच्या उंचीला, आणि हार सारखा केला.

सभा पुढे चालली, पण आता सगळ्यांची तोंडं अर्धी फळ्याकडे, अर्धी दाराकडे. बोलणारे सारखे तिकडे बघत आणि भाषणं आपोआप आवरती घेत. माझी पाळी आली. मी पानं उघडली, दाराकडे पाहिलं आणि पानं परत खिशात ठेवली.

"वर्ग चालू ठेवायचा आहे," मी म्हणालो. "दर शनिवारी. याच खोलीत."

शारदाबेननी विचारलं, किती वाजता, आणि मी वेळ सांगितली.